रंगीत पिसाची कुळकथा

बाणाच्या मागील टोकाशी बसविलेले पीस बाणाचा मार्ग सरळ राखते, हे कोणास सांगावे लागत नाही. परंतु ते पीस लालभडक किंवा पिवळेजर्द का असावे, आणि ते तसे करण्यासाठी हौशी तिरंदाजाने स्वतःच्या स्वयंपाकघरात रंगाचे पातेले का चढवावे, याचा इतिहास पुष्कळ अलीकडचा असून, तो धनुर्विद्येच्या ग्रंथांपेक्षा टोप्यांची दुकाने, रंगांचे कारखाने आणि पाळीव पक्ष्यांची खुराडी यांतच अधिक सापडतो.

आपल्या पूर्वजांचे लक्ष पिसाच्या रंगापेक्षा पक्ष्याच्या जातीवर होते. महाभारतातील बाणांना कंकपत्र, गार्ध्रपत्र ही विशेषणे लागतात ती पक्ष्यांवरून. आणि चौदाव्या शतकातील ‘शार्ङ्गधरपद्धती’तील धनुर्वेदाच्या प्रकरणात कावळा, हंस, क्रौंच, मोर, गिधाड, कुरर इत्यादींची पिसे प्रशस्त मानून प्रत्येक बाणास चार पिसे, प्रत्येक पीस सहा अंगुळांचे, असे मान दिले आहे. 1991 मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या मानवाजवळील भात्यात चौदा काड्या होत्या. त्यांतल्या पूर्ण झालेल्या दोनच बाणांना भूर्जवृक्षाच्या डांबराने पिसे चिकटवून वर बारीक दोरा गुंडाळलेला होता. कारागिरी इतकी जुनी आहे.

रंगाला खरा हुद्दा मिळाल्याचा लेखी दाखला मात्र इंग्लंडात भेटतो. तेथे पाळीव हंसाचे पीस हा राज्यकारभाराचा विषय होता; 1417 साली पाचव्या हेन्रीने शेरीफांना फर्मान सोडले की, पिलांसाठी राखलेल्या माद्या वगळून प्रत्येक हंसाच्या पंखांतील सहा पिसे सरकारजमा करावीत. पुढे 1545 मध्ये रॉजर अ‍ॅस्कम या केंब्रिजच्या पंडिताने ‘टॉक्सोफिलस’ हा धनुर्विद्येवरील संवादग्रंथ आठव्या हेन्रीस अर्पण केला आणि त्यात पिसांची अशी बारकाईने चिकित्सा केली, की वाचताना ग्रीक भाषेचा हा अध्यापक आयुष्यभर तीरगराच्या दुकानातच बसला होता की काय, असे वाटू लागते. तीन पिसांपैकी जे पीस प्रत्यंचेवर बाण चढविताना धनुष्याच्या विरुद्ध बाजूस राहिले पाहिजे, ज्यास इंग्रज तिरंदाज ‘कॉक फेदर’ म्हणतात, ते काळे किंवा करडे असावे, म्हणजे बाण योग्य तऱ्हेने चढविण्याची सूचना नजरेला आपोआप मिळते, असे त्याचे म्हणणे होते. त्याच वर्षी ‘मेरी रोज’ ही आरमारी नौका बुडाली. 1982 मध्ये ती वर काढण्यात आली, आणि तिच्यातून मिळालेल्या हजारो बाणांवर पिसे बसविण्यासाठी जे लुकण वापरले होते त्यात मेणाबरोबर तांब्याचा हिरवा क्षारही आढळला. तो हिरवेपणा शोभेपेक्षा किडीच्या बंदोबस्तासाठी असावा, असा तर्क करतात, आणि मला तो पटतो.

पीस रंगविण्याची कला तोवर निराळ्याच पेठेत वाढत होती. पॅरिसमधील पिसांचे कारागीर स्त्रियांच्या टोप्यांसाठी शहामृगाची पिसे रंगवीत आणि त्या धंद्यास मोठी प्रतिष्ठा होती. 1856 मध्ये विल्यम पर्किनला कृत्रिम जांभळा रंग गवसला, आणि नंतरच्या काही दशकांत लोकर रंगविण्यासाठी आम्लधर्मी रंगांची मालिकाच निघाली. पीस आणि लोकर ही दोन्ही केराटिन नामक प्रथिनाचीच घडलेली असल्यामुळे जो रंग एकीला धरतो तो दुसऱ्यालाही धरतो. 1884 मध्ये बाझेल येथे त्सीगलरने बनविलेला टार्ट्राझिन हा पिवळा रंगही मूळचा लोकरीचाच. आज तो आपल्या किराणा दुकानातील खाद्यरंगाच्या पुडीतून मिठाईत उतरतो.

या दोन परंपरांची गाठ अमेरिकेत पडली. 1911 मध्ये कॅलिफोर्नियात प्रकट झालेल्या ‘याही’ नामक जमातीच्या इशी या पुरुषाकडून सॅक्सटन पोप या शल्यवैद्याने धनुर्विद्या आत्मसात केली आणि 1923 साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्याने त्या देशात घरी बाण घडविण्याची हौस फैलावली. पण पीस आणावयाचे कोठून? 1918 च्या कायद्याने स्थलांतर करणाऱ्या रानपक्ष्यांची पिसे बाळगणे गुन्हा झाला होता, म्हणून टर्कीवर भिस्त आली. विसाव्या शतकाच्या मध्यास पालनकर्त्यांनी पट्टेरी पिसांच्या काळसर टर्कीस निरोप देऊन पांढरी जात पत्करली, कारण सोललेल्या पक्ष्यावर उरणारे काळे खुंट गिऱ्हाइकास रुचत नसत. अशा रीतीने भोजनगृहाच्या आवडीनिवडीमुळे तिरंदाजाच्या हाती पांढरे पीस आले, आणि पांढऱ्या पिसावर हवा तो रंग चढतो.

कृती साधी, परंतु धीराची आहे. पिसावर पक्ष्याच्या शरीरातील तेल असते, म्हणून साबणाच्या कोमट पाण्यात ते धुऊन पूर्ण भिजू द्यावे. नंतर रंगाच्या पाण्यात थोडा शिरका घालून ते मंद आचेवर ठेवावे. आम्लामुळे केराटिनावर धन विद्युत्‌भार येतो आणि ऋणभारित रंगरेणू त्यास बिलगतो. पाण्याला उकळी फुटू देऊ नये, दांडा वाकतो. रंग चढलेले पीस ओलेपणी केविलवाणे दिसते. वाळल्यावर वाफेवर धरून बोटांनी सारखे केले म्हणजे त्याच्या तंतूंवरील सूक्ष्म आकडे पुन्हा एकमेकांत अडकतात आणि पाते पूर्ववत होते. अमेरिकेतील काही जण ‘कूल-एड’ नामक सरबताची पूड यासाठी वापरतात. तिच्यात रंग व आम्ल दोन्ही असल्याने निराळा शिरका लागत नाही.

एका भ्रमापासून मात्र हौशी मंडळींनी सावध राहावे. नैसर्गिक काळ्या पिसातील मेलॅनिन त्याला झिजेविरुद्ध बळकटी देते. पांढऱ्यास काळे केल्याने ते बळ येत नाही, येतो तो केवळ रंग. गिधाड आणि मोर दोघेही आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छत्राखाली आहेत, तेव्हा शार्ङ्गधराची यादी ग्रंथातच राहू द्यावी; पाळीव पांढऱ्या हंसाची किंवा टर्कीची गळलेली पिसे घ्यावीत, आणि तीन पिसांपैकी निदान एक तरी वेगळ्या रंगाचे अवश्य करावे.