कस्तुरी म्हणजे मस्कोन? जरा थांबा

रोह्याला धाटाव एमआयडीसीजवळून गेलात की वासावरूनच कळतं, इथे रसायनं बनतात. म्हणूनच की काय, आपल्या पेण-रोह्याकडच्या सायन्सवाल्यांना सुगंधाचा इतिहास म्हटलं की आधी प्रयोगशाळाच आठवते. पण त्याच्या कितीतरी आधीचा एक धागा मराठीत आहे.

परशुराम कृष्ण गोडे हे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे क्युरेटर. १९४५ मध्ये त्यांनी ‘गंधवाद’ या दुर्मिळ हस्तलिखितावर लेख प्रसिद्ध केला. मूळ ग्रंथ संस्कृत, पण त्यावरची टीका चक्क मराठी! काळ त्यांनी धरला साधारण १३५० ते १५५०. दोनशे वर्षांची रेंज बघून नाक मुरडू नका. पुरावा जेवढं सांगतो तेवढंच म्हणायचं, हीच तर शिस्त. पुढे १९८९ मध्ये आर. टी. व्यास यांनी ‘गंधसार’ आणि ‘गंधवाद’ हे दोन्ही ग्रंथ संपादित केले आणि ते बडोद्याहून छापले गेले.

हे शास्त्र अंदाजपंचे चालायचं असंही नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त १६ द्रव्यांतून ४ निवडायचे प्रकार दिलेत: १८२०. कॅल्क्युलेटरवर १६सी४ करून बघा, तेवढेच येतात.

आता खरा धोका. ग्रंथात ‘कस्तुरी’ दिसली की आपला हात लगेच मस्कोनचा फॉर्म्युला लिहायला जातो. मस्कोन हा कस्तुरीतला मुख्य वासाचा घटक, १५ कार्बनांचं कडं असलेला. ती रचना रुझिचकाने १९२६ मध्ये दाखवली. इतकं मोठं कडं टिकणारच नाही, असं तोवर रसायनशास्त्रज्ञ मानत होते. पण जुन्या गंध्याच्या हातात रेणू नव्हता. हिमालयातल्या मृगाच्या ग्रंथीतून आलेला, महाग आणि भेसळीला सोपा असा माल होता. फॉर्म्युला लिहिलात की किंमत, वाटचाल, भेसळ, पर्याय हे सगळे प्रश्न तिथेच मरतात.

उलट बाजूचा धोका म्हणजे ‘नख’. नुसत्या शब्दकोशावर विसंबलात तर बोटाचं नख समजाल. सुगंधशास्त्रात ते समुद्री गोगलगायीच्या तोंडावरचं झाकण. धूपाच्या मिश्रणात ते वापरत.

तेव्हा सिनॉप्सिस लिहायच्या आधी एक साधा तक्ता करा. प्रत्येक द्रव्यासाठी तीन रकाने: मूळ ग्रंथ काय म्हणतो, टीकाकार काय म्हणतो, आजचं विज्ञान काय म्हणतं. तिन्ही जुळले तर उत्तम. नाही जुळले तर ओढूनताणून जुळवू नका. टीकाकाराला तिथे वेगळं का सांगावंसं वाटलं, हे विचारा. पुष्कळदा तुमचा रिसर्च क्वेश्चन तिथेच सापडतो.