पंचांतील पांचवें द्रव्य

इंग्रजांच्या मेजवानींतील 'पंच' या पेयाची एक जुनी हकीकत जुन्नर पाहून गेलेल्या प्रवाशानें लिहून ठेविली आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर १६७५ सालीं मोंगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून घाट चढून जुन्नरास आला. त्याचें प्रवासवर्णन १६९८ सालीं लंडनला प्रसिद्ध झालें. त्यांत तो म्हणतो, पांच द्रव्यांचें म्हणून 'पंच'. गोव्याकडील नेरूळची 'अरक' नांवाची दारू त्यांत पडे, आणि तें पेय शक्तिपात करणारें होतें.

अरक, साखर, लिंबू, मसाला व पाणी हीं तीं पांच. अरक काढला, तर चारच उरतात आणि नांव खोटें ठरतें. आज शहरांत मद्यरहित 'स्पिरिटें' विकतात, तीं ही रिकामी जागा भरण्यासाठींच. पण ही युक्ति आपल्या अत्तारांस जुनीच आहे. 'अरक' म्हणजे अरबींत घाम; वाफ थंडावून थेंब सुटतात, म्हणून हें नांव. आपला गुलाबाचा 'अर्क' त्याच कुळांतला. आंबवलेला रस भट्टीवर चढविला, तर दारू उतरते. ताज्या पाकळ्या व पाणी चढविलें, तर गुलाबपाणी. भट्टी एकच, फरक आंबविण्याचा.

तेव्हां पेलाभर गार पाण्यांत अर्धें लिंबू पिळावें, दोन चमचे साखर विरघळवावी, चिमूटभर जायफळ व चमचाभर खाण्याचें गुलाबपाणी घालावें. पांचही द्रव्यें भरलीं. घरांतील आजीपासून नातवापर्यंत सर्वांस एकाच भांड्यांतून वाढतां येईल. फ्रायरच्या 'पंचा'स तें साधत नव्हतें.