वाघबारस, 1945

तारीख जपून निवडा. तलासरीपुढच्या उधव्यात, वारल्यांच्या गावात, पानात काय पडेल ते महिन्यावर ठरतं. तुम्ही 1945 च्या दिवाळीतली वाघबारस निवडलीत, शहाणपण केलंत.

संजाणला गाडीतून उतरून पूर्वेला चालत निघालात, तलासरी मागे टाकलीत. आणखी पुढे गेलात तर पोर्तुगीजांची नगर हवेली लागेल. तिथवर जायचं नाही. कारवीच्या कुडाचं, शेणाने सारवलेलं घर दिसलं की थांबा. दार ठेंगणं आहे, वाका.

आत धूर. डोळे चोळत बसता तोवर चुलीपाशी बसलेली आय जून काकडी किसते. किसात तांदळाचा भरडा आणि थोडा गूळ कालवते. वरून पाणी नाही. काकडीला सुटेल तेवढंच. हिरव्या पानावर थापायचं, पान दुमडायचं, मडक्यात रचून उकडायचं. हेच पानमोडं. 'बस, खा,' ती म्हणते. पान सोलता तेव्हा पानाच्या शिरा पिठावर उमटलेल्या दिसतात. चव आधी काकडीची, गूळ मागून येतो. सोबत उकडलेल्या चवळीच्या शेंगा, कोनफळ आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील. बोंबील समुद्राकडून आलेला, म्हणून एकच, सगळ्यांत वाटून. मोहाची दारू मात्र विचारू नका. 1892 च्या कायद्यापासून ठाणे जिल्ह्यात मोहाच्या फुलांवरही सरकारची नजर आहे.

यात महाग काही नाही. महाग आहे तो आयचा अर्धा दिवस. गेल्या दिवाळीपर्यंत जमीनदाराचा माणूस हाक मारी आणि वेठीला जावं लागे. मग किसणार कोण, थापणार कोण? 23 मे रोजी जवळच झरीला हजारो वारली जमले, वेठ करायची नाही असं ठरलं. किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. आता गवतकापणीचा संप चालू आहे. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या झाडल्या, जेठ्या गांगड आणि आणखी काही जण मेले. ओटीवर बायाबापडे त्याबद्दलच बोलतात, हलक्या आवाजात. तुम्ही शहरी कपड्यातले. तुमच्याकडे पाहून गप्प होतात. साहजिक आहे.

आता हौस म्हणून दोन महिने मागे सरका. श्रावण. कणगी रिकामी, सावकाराकडून आणलेली खावटी संपत आलेली. याच चुलीवर कडू कंदाचे काप आहेत, वाहत्या पाण्यात ठेवून, पुन्हा पुन्हा उकडून कडवटपणा घालवलेले. घास तोंडात फिरतो, गिळवत नाही. आय गिळते.

अशी विसरलेली भूक इथलीच नाही. आज उत्तर इटलीत पर्यटक चवीने मक्याचा पोलेंटा खातात. तिथल्या शेतमजुरांनी एके काळी नुसत्या मक्यावर दिवस काढले आणि पेलाग्राने त्यांची कातडी सोलून निघाली, हे हॉटेलच्या मेनूत छापत नाहीत. 'पारंपरिक चव' म्हणताना मला नेहमी विचारावंसं वाटतं, कुठल्या महिन्यातली?

तर वाघबारशीलाच परत या. बाहेर पोरं तारपा फुंकायला लागलीत, दुसरं मडकं उतरतंय. जाताना शहरातून आणलेलं मीठ आयच्या हाती द्या. रानात सगळं मिळतं, मीठ दुकानातून आणावं लागतं, आणि दुकानदार उधारी लिहून ठेवतो.