पांझरेकांठचे फड

यावल-रावेरच्या केळीबागा विहिरींवर पोसल्या. ज्याची विहीर खोल, त्याचें पीक हिरवें. ह्याच खानदेशांत पांझरेच्या कांठीं पाणी सर्वांचें मानण्याची रीत निदान ३०० वर्षांपासून चालत आली. तिचें नांव फड.

नदीवर दगडी बंधारा, त्यांतून पाट, व पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें आणि दरसाल फेर बदलावयाचा. बहुतेकांचें शेत प्रत्येक फडांत असे. म्हणून पाण्याअभावीं एखादा फड पडीक राहिला, तर तोटाही सर्वांच्या वांट्यास येई. पाणी कोणत्या फडास द्यावयाचें हें पंच ठरवीत. तें शेतांत सोडण्याचें काम पाटकऱ्याचें. गाळ काढणें सर्वांचें. हक्क जमिनीस जोडलेला असल्यानें भूमिहीनांस मात्र त्यांत वांटा नव्हता.

पुढें वरच्या अंगास धरणें झालीं, विहिरी वाढल्या व कित्येक फड मोडले. २००५ सालीं महाराष्ट्रानें शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांसाठीं कायदा केला. पण कायदा लिहून एकोपा येत नाहीं. फडावर पंचांचा शब्द चाले, कारण त्यांचें स्वतःचें शेतही त्याच पाटाखालीं असे.