सरकारचे शेअर असलेली बँक बुडते तेव्हा

१ जुलै १८६५. शेअरच्या वायदेसौद्यांचा हिशेब चुकता करण्याच्या या दिवशी मुंबईत दिवाळखोरीची रांग लागली. अमेरिकेतील यादवी युद्ध संपले होते, कापसाचे भाव कोसळले होते आणि समुद्र बुजवायला निघालेल्या कंपन्यांचे शेअर कवडीमोल झाले होते.

सट्टेबाज बुडाले, यात नवल नव्हते. बँक ऑफ बॉम्बेची गोष्ट वेगळी होती. १८४० साली स्थापन झालेल्या या बँकेत सरकारचे शेअर होते, संचालक मंडळावर सरकारने नेमलेले सदस्य होते, सरकारी खजिन्याची शिल्लकही तेथेच असे. लोकांनी विश्वास टाकला तो यावर. मात्र १८६३ च्या कायद्याने कर्जावरील जुने निर्बंध सैल झाले आणि शेअर तारण घेऊन, कधी केवळ वैयक्तिक हमीवर, पैसा वाटला गेला. या कर्जवाटपावर प्रेमचंद रायचंद यांचा मोठा प्रभाव होता.

जानेवारी १८६८ मध्ये बँक गुंडाळली गेली. बहुतांश भांडवल बुडाले होते. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या चौकशी आयोगाने सैल कायदा, चिटणिसांचा गैरकारभार आणि संचालकांची हलगर्जी यांना दोष दिला; शिवाय त्या असामान्य काळालाही. काळाला अर्थातच जाब विचारता येत नाही.

त्याच नावाची नवी बँक लगेच उभी राहिली. १८७६ साली सरकारने प्रेसिडेन्सी बँकांच्या कर्जांवर कडक मर्यादा घातल्या, स्वतःचे शेअर काढून घेतले, संचालक नेमण्याचा हक्क सोडला आणि आपल्या शिल्लकेचा मोठा भाग स्वतंत्र राखीव खजिन्यात हलवला. जुन्या भागधारकांचे पैसे तोवर कधीच गेले होते.