सेव्ह फाइलचा पत्ता

सेव्ह फाइल म्हणजे गेममधल्या प्रगतीची नोंद. पात्र कुठे उभे आहे, त्याच्यापाशी काय काय आहे, कोणते टप्पे पार झाले, हे सारे तिच्यात असते. गेमचा प्रोग्राम कंपनी तयार करते, सेव्ह फाइल मात्र खेळणाऱ्याच्या हातून घडते. अपडेट आले की जुना प्रोग्राम जातो आणि नवा येतो; नोंद तेवढी जशीच्या तशी राहावी लागते. ती ठेवायची कुठे, याचे उत्तर गेल्या काही दशकांत अनेकदा बदलले आहे.

सुरुवातीच्या गेमना हा प्रश्न पडलाच नव्हता. १९७८ च्या ‘स्पेस इनव्हेडर्स’मधला सर्वोच्च स्कोअर यंत्र बंद होईपर्यंतच टिकत असे. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ हा गेम १९८६ मध्ये जपानात चकतीवर आला आणि नोंद त्याच चकतीवर राहू लागली. १९८७ मध्ये अमेरिकेत तो कार्ट्रिजवर आला, तेव्हा कार्ट्रिजमध्येच एक लहानशी बॅटरी बसवलेली होती. बॅटरी संपली की नोंदही जाई. अपडेटची भानगड नव्हती; कार्ट्रिज विकत घेतले त्या दिवशी जसे असे, तसेच शेवटपर्यंत राही.

कॉम्प्युटरवर, विंडोजआधीच्या डॉसच्या काळात, गेम हार्डडिस्कवर आले आणि सेव्ह फाइल गेमच्याच डिरेक्टरीत पडू लागली. डिसेंबर १९९३ मध्ये आलेला ‘डूम’ हे त्याचे ठळक उदाहरण. त्यात सेव्ह करायला सहा जागा होत्या आणि प्रत्येक जागेची वेगळी फाइल गेमशेजारीच तयार होई. फाइलच्या सुरुवातीला २४ अक्षरांइतकी जागा खेळाडूने दिलेल्या नावासाठी होती आणि त्याला लागूनच गेमच्या आवृत्तीचा क्रमांक लिहिलेला असे. फाइल उघडताना ‘डूम’ आधी हा क्रमांक तपासत असे आणि तो जुळला नाही तर काही न बोलता ती नाकारत असे. म्हणजे नवी आवृत्ती बसवल्यावर फाइल जागेवर असूनही तिचा उपयोग नव्हता. सीडीवरून खेळण्यासाठी ‘डूम’मध्ये वेगळी सोय होती. सीडीवर काही लिहिता येत नाही, म्हणून तेव्हा सेव्ह फाइली हार्डडिस्कवरच्या ‘डूमडेटा’ नावाच्या स्वतंत्र डिरेक्टरीत जात. प्रोग्राम एकीकडे आणि खेळाडूच्या फाइली दुसरीकडे ही वाटणी इथे निव्वळ गरजेपोटी झाली.

विंडोज ९५ ने प्रोग्रामसाठी ‘प्रोग्राम फाइल्स’ हे फोल्डर ठरवून दिले, पण सवय जुनीच राहिली. १९९७ चा ‘एज ऑफ एम्पायर्स’ स्वतःच्या फोल्डरमधल्या ‘सेव्हगेम’ या उपफोल्डरात लढाया साठवत असे. याचे दोन तोटे होते. जागा मोकळी करायला कोणी गेमचे अख्खे फोल्डर पुसले, की लढायाही पुसल्या जात. शिवाय एकाच कॉम्प्युटरवर घरातली तीन माणसे खेळत असली तर तिघांच्या फाइली एकाच ढिगात पडत. युनिक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःची होम डिरेक्टरी देण्याची रीत १९७० च्या दशकापासून होती. घरगुती विंडोजमध्ये ती मुरायला फार वेळ लागला.

मोठा बदल विंडोज व्हिस्टाने घडवला. जानेवारी २००७ मध्ये ती सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आली. व्हायरसना आवर घालण्यासाठी तिने ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहिण्याची मोकळीक काढून घेतली. पण जुन्या गेमना तिथेच लिहायची सवय होती, ते बंद पडले असते. म्हणून व्हिस्टाने एक आडवाट काढली. जुना गेम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहू लागला की विंडोज ती फाइल गुपचूप वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या फोल्डरात नेऊन ठेवी आणि गेमला मात्र ती मूळ जागीच असल्याचे भासवी. गेम चालू राहिला, घोटाळा खेळाडूच्या वाट्याला आला. गेमचे फोल्डर उघडले तर आधीच्या विंडोज एक्सपीच्या काळातल्या जुन्या तारखांच्या फाइली दिसत, कालची दिसत नसे. तोच गेम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला, तर तो खऱ्या फोल्डरात पाहू लागे आणि नवी प्रगती गायब झाल्यासारखी वाटे. फाइल नष्ट झालेली नसे, तिचा फक्त पत्ता बदललेला असे.

व्हिस्टानेच प्रत्येक वापरकर्त्याला ‘सेव्हड गेम्स’ नावाचे फोल्डर दिले. सर्वांनी ते वापरले असते तर प्रश्न तिथेच मिटला असता. तसे झाले नाही. काही गेम डॉक्युमेंट्समधल्या ‘माय गेम्स’मध्ये लिहीत राहिले, काही ‘ॲपडेटा’मध्ये. ‘ॲपडेटा’ एरवी लपलेले असते, त्यामुळे नेमकी फाइल शोधायच्या वेळी ते चटकन सापडत नाही.

वेगळी जागाही पूर्ण सुरक्षित नसते, हे २ ऑक्टोबर २०१८ रोजी आलेल्या विंडोज १० च्या अपडेटने दाखवले. ज्यांनी डॉक्युमेंट्स दुसऱ्या ड्राइव्हवर हलवले होते, पण जुन्या फोल्डरात काही फाइली तशाच ठेवल्या होत्या, त्यांचे ते जुने फोल्डर या अपडेटने आतल्या फाइलींसह पुसून टाकले. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच अपडेट थांबवले आणि दुरुस्त करून १३ नोव्हेंबरला पुन्हा दिले.

पत्ता तोच राहिला तरी फाइलचा साचा बदलू शकतो. ‘माइनक्राफ्ट’च्या जावा आवृत्तीत प्रत्येक जग ‘ॲपडेटा’मधल्या गेमच्या फोल्डरात, ‘सेव्ह्ज’ या उपफोल्डरात असते. मार्च २०१२ मध्ये जगाची उंची १२८ ठोकळ्यांवरून २५६ झाली, तेव्हा फाइलींची रचनाच बदलली आणि जुनी जगे उघडताना नव्या साच्यात ओतली गेली. एकदा साचा बदलला की ते जग जुन्या आवृत्तीत नेणे धोक्याचे ठरते. म्हणूनच अलीकडच्या आवृत्त्या जुने जग उघडण्याआधी बॅकअप घ्यायचा का, असे विचारतात. ही छोटी चौकट म्हणजे आधीच्या सगळ्या अनुभवांतून आलेले शहाणपण आहे.

२००८ मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने क्लाउडची सोय आणली आणि सेव्ह फाइलची एक प्रत कंपनीच्या सर्व्हरवर राहू लागली. कॉम्प्युटर बदलला तरी खेळ पुढे चालू ठेवता येतो. मात्र घरची आणि सर्व्हरवरची प्रत जुळली नाही तर कोणती ठेवायची हे खेळाडूलाच ठरवावे लागते, आणि घाईत चुकीची निवडली तर प्रगती हातची जाते. मोबाइलवर प्रत्येक ॲपला स्वतःची बंदिस्त जागा असते. अपडेटमध्ये ती शाबूत राहते, ॲप अनइन्स्टॉल केले की तीही जाते. अपडेट अडले म्हणून ॲप काढून पुन्हा बसवणाऱ्यांचे नुकसान होते ते यामुळेच.

गेमचा प्रोग्राम हरवला तर तो पुन्हा उतरवून घेता येतो. शंभर तास खपून उभे केलेले जग कोणतीही कंपनी नव्याने देऊ शकत नाही. म्हणून आपल्या गेमच्या सेव्ह फाइली कुठे आहेत हे प्रत्येक खेळाडूने एकदा शोधून ठेवावे आणि मोठ्या अपडेटआधी त्या फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी.