लोलक-आघात चाचणी

अचानक बसलेला घाव सोसताना धातू किती ऊर्जा पचवतो, हे मोजण्याची पद्धत. फ्रेंच धातुशास्त्रज्ञ ज्योर्ज शार्पी यांनी ती १९०१ मध्ये मांडली; आपल्याकडे कारखान्यांत तिला ‘चार्पी’ म्हणतात. शिरूर तालुक्यात पुणे-नगर रस्त्यावरच्या सणसवाडी-रांजणगाव पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनतात, आणि अशा भागांच्या पोलादाची पारख करायला ती उपयोगी पडते. ५५ मिमी लांब, १० मिमी चौरस छेदाचा तुकडा दोन टेकूंवर आडवा ठेवतात. त्याच्या मधोमध २ मिमी खोल खाच असते. लोलकाचा हातोडा खाचेच्या बरोबर पाठीमागे आदळतो, तुकडा मोडतो आणि हातोडा पलीकडे चढतो. तो किती कमी चढला, यावरून उत्तर मिळते.

२० किलोग्रॅमचा हातोडा १.५ मीटरवरून सोडला आणि पलीकडे १ मीटरच चढला, तर सुमारे २९४ जुलांपैकी ९८ जूल खर्ची पडले. येथे रास्त शंका येते: टक्करीत संवेग अक्षय्य असतो, मग हिशेब ऊर्जेचा का? हातोड्याचा वेग सेकंदाला ५.४ वरून ४.४ मीटरवर येतो, म्हणजे त्याचा संवेग सुमारे २० एककांनी घटतो. मोडलेले तुकडे जेमतेम ४३ ग्रॅमचे. ते ५ मीटर वेगाने उडाले तरी ०.२ एककच नेतात. उरलेला जवळजवळ सगळा संवेग टेकूंमधून पायात आणि जमिनीत जातो. नियम मोडत नाही, पण त्या संवेगाची नोंद कोणत्याही काट्यावर होत नाही. ऊर्जेचे तसे नाही. यंत्र व पाया मिळून २,००० किलोग्रॅम धरले, तरी एवढ्या संवेगाबरोबर त्यांना ०.१ जूलच मिळतो. तुकडेही अर्धा जूल नेतात. म्हणून कमी भरलेली उंची ही मुख्यतः धातू वाकण्या-फाटण्याचीच किंमत ठरते.

बेंजामिन रॉबिन्स यांच्या १७४२ च्या बंदुकीच्या लोलकात हिशेब उलटा लागतो. १० ग्रॅमची गोळी ३०० मीटर वेगाने २.९९ किलोग्रॅमच्या टांगलेल्या ठोकळ्यात रुतली, तर ४५० जुलांपैकी दीडच जूल गतीच्या रूपात उरतो. ठोकळा मोकळा लोंबत असल्याने त्या क्षणी संवेग मात्र पुरता टिकतो, म्हणून गोळीचा वेग त्यावरूनच काढावा लागतो. ऊर्जेचा नियम त्यानंतरच्या ५ सेंटिमीटर चढापुरता. दोन्ही टप्प्यांना एकच नियम लावणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक आहे.

चार्पीवर आणखी एक आक्षेप घेतात, की बेअरिंगचे घर्षण आणि हवाही ऊर्जा खातात. तो खरा आहे. त्यासाठी आधी तुकडा न ठेवता हातोडा एकदा रिकामा झुलवतात आणि काटा जेवढा कमी दाखवतो तेवढे पुढच्या मापातून वजा करतात.